ब्लेडची बैठक एक, तक्रारी दोन: जिगसॉचं ब्लेड वारंवार सुटण्याचं प्रकरण

काम काय होतं आणि काय बिघडलं

पुण्यात बाणेरमधल्या एका कार्यालयाचं फर्निचर, एकूण २४ टेबलं. टॉप २५ मिमी जाडीच्या प्री-लॅम (वरचा थर आधीच चिकटवलेल्या) पार्टिकल बोर्डाचे, वरून पांढरा मॅट, कडांना २ मिमी पीव्हीसीची पट्टी. प्रत्येक टॉपमध्ये प्लग-चार्जिंगचा फ्लिप-अप बॉक्स बसवायचा होता आणि त्यासाठी २६५ × १२२ मिमीचा आयताकृती कटआउट काढायचा होता. बॉक्सची वरची कड चारही बाजूंनी ६ मिमी पसरते. त्या ६ मिमीच्या आत जी कपची उडेल ती झाकली जाते. त्याबाहेर गेली की टॉप बाद.

हातात ४५० वॉटचं वायरवालं जिगसॉ होतं, म्हणजे ब्लेड वर-खाली चालवणारी हाती धरायची विजेची करवत. स्ट्रोक (ब्लेडची वर-खाली हालचाल) १८ मिमी, पेंड्युलमचे (वर येताना ब्लेडला पुढे ढकलणाऱ्या झोक्याचे) ० ते ३ असे चार टप्पे, आणि ब्लेड बदलायला चावी लागत नाही असा लिव्हरचा क्लॅम्प. मशीन दोनेक वर्षं वापरलेलं, मोटारीचे कार्बन ब्रश बदललेले, मोटार ठणठणीत.

पहिल्या सात टॉपमध्ये पाच वेळा ब्लेड चालू मशिनमधून सुटून खाली पडलं. कट तिरके आले. वरची रेषा बरोबर, पण २५ मिमी खाली जाईपर्यंत कट कुठे ३ मिमी आत, कुठे १ मिमी बाहेर. त्यामुळे बॉक्सची बॉडी अडकत होती आणि प्रत्येक भोक कानशीने घासून मोकळं करावं लागत होतं. शिवाय तीन टॉपवर कपच्या ६ मिमीच्या बाहेर गेल्या.

साइटवर या तीन वेगळ्या तक्रारी धरल्या गेल्या. प्रत्यक्षात पहिल्या दोन एकाच दोषातून आल्या होत्या, आणि तिसरीचा त्या दोषाशी संबंध नव्हता. प्रकरण लिहून ठेवावं असं वाटलं ते यासाठीच. ब्लेड सुटलं की सगळं लक्ष लिव्हरच्या पकडीकडे जातं, आणि ब्लेड बसलं कसं आहे हे कोणी बघत नाही.

आधी झालेले उपाय

ब्लेड सुटतं म्हणून लिव्हर पक्कडीने दाबून बंद करायला सुरुवात झाली. लिव्हर जड चालतो म्हणून क्लॅम्पमध्ये तेलाचा स्प्रे मारला. कट तिरका येतो म्हणून बेसचा (मशिनखालच्या सपाट पाटीचा) बोल्ट सैल करून बेस नजरेने दीडेक अंश कलता केला. वेळ जातोय म्हणून टी १०१ बी हे मध्यम दातांचं ब्लेड काढून टी १४४ डी हे जाड दातांचं ब्लेड लावलं आणि पेंड्युलम ३ वर नेला.

या प्रत्येक उपायामागे काहीतरी तर्क होता आणि प्रत्येकाने दुखणं वाढवलं. तेलामुळे पार्टिकल बोर्डाची बारीक पूड चिकटून घट्ट झाली. कलत्या बेसमुळे तपासाची मूळ खूणच पुसली गेली. जाड दात आणि पेंड्युलम यांनी प्रत्येक स्ट्रोकला ब्लेडवर येणारा हिसका वाढवला.

ब्लेड धरून काय ठेवतं

जिगसॉचा उगम शिलाई मशिनमध्ये आहे. स्वित्झर्लंडमधल्या सिंटिला कंपनीचे अभियंते आल्बर्ट काउफमान यांनी १९४६ मध्ये शिलाई मशिनच्या सुईच्या जागी करवतीचं पातं लावून पाहिलं, आणि १९४७ मध्ये ‘लेस्टो’ नावाने हाती धरायचं यंत्र बाजारात आलं. पुढे ही कंपनी बॉशकडे गेली. सुई मुख्यतः खाली जाताना काम करते. जिगसॉच्या नेहमीच्या ब्लेडचे दात मात्र वरच्या दिशेला असतात आणि कट वर येताना होतो. म्हणजे प्लंजर (ब्लेडला वर-खाली नेणारा दांडा) वर जातो तेव्हा लाकूड ब्लेडला खाली धरून ठेवतं, आणि प्रत्येक स्ट्रोकला ब्लेड क्लॅम्पमधून उपसलं जाण्याचा जोर येतो. मिनिटाला तीन हजारांच्या आसपास स्ट्रोक धरले तर तितक्याच वेळा.

हा जोर पेलतात ते ब्लेडचे कान. शँक म्हणजे ब्लेडचा क्लॅम्पमध्ये जाणारा भाग. टी-शँक ब्लेडच्या वरच्या टोकाजवळ पुढे आणि मागे दोन छोटे कान असतात. क्लॅम्पच्या आत त्यांच्यासाठी कड असते. ब्लेड पूर्ण आत गेलं की दोन्ही कान त्या कडेवर टेकतात आणि लिव्हरचं काम ब्लेडला त्या जागी दाबून ठेवण्याचं असतं. उपसणारा भार कानांवर आणि कडेवर जातो, स्प्रिंगवर नाही. म्हणून लिव्हर पक्कडीने कितीही दाबला तरी कान जागेवर नसतील तर ब्लेड सुटणारच, आणि कान जागेवर असतील तर पक्कड लागतच नाही.

दुसरा आधार बेसच्या थोडा वर असतो: खाच असलेला रोलर. ब्लेडची पाठ या खाचेत बसली पाहिजे. रोलर दोन कामं करतो. कट करताना ब्लेड मागे ढकललं जातं तेव्हा त्याला पाठीशी धरतो, आणि खाचेमुळे ब्लेडला डावी-उजवीकडे वळू देत नाही. पेंड्युलम असलेल्या बऱ्याच मशिनांत हाच रोलर वरच्या स्ट्रोकला ब्लेडला पुढे ढकलतो. पेंड्युलमचा खटका त्या ढकलण्याचं माप ठरवतो.

तिरका कट काय सांगत होता

बेस कलता असेल तर कट तिरका येतो हे खरं. पण त्या तिरकेपणाला एक शिस्त असते. चौकोनी भोक एकाच दिशेने फिरत कापलं तर वाया जाणारा तुकडा कायम मशिनच्या एकाच बाजूला राहतो. बेस कलता असेल तर ब्लेडचं खालचं टोक मशिनच्या एकाच बाजूला झुकलेलं असतं. म्हणून भोक खालून चारही बाजूंनी सारखंच मोठं किंवा सारखंच लहान येतं.

बाद झालेला एक टॉप उलटा करून गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावला. लांब बाजूपैकी एकीवर खालची कड मध्यावर ३ मिमी आत, समोरच्या बाजूवर १ मिमी बाहेर. आखूड बाजूंवर सुरुवात सरळ आणि पुढे तिरकेपणा वाढत गेलेला. अशी बेशिस्त बेसमुळे येऊ शकत नाही. ब्लेड कट करता करता भरकटतंय, म्हणजे त्याला रोलरचा आधार नाही, असाच अर्थ निघतो. बोथट झालेलं किंवा एका बाजूचे दात झिजलेलं ब्लेडसुद्धा कट ओढून नेतं, पण ते बहुतेक एकाच बाजूला ओढतं.

ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. बेसला हात लावण्याआधी एक भोक खालून चारही बाजूंनी मोजायला दोन मिनिटं लागतात. इथे ती मोजणी आधी झाली असती तर बेस हलवावा लागलाच नसता.

सुटण्याच्या जागाही बोलक्या होत्या. पाचपैकी चार वेळा ब्लेड कोपऱ्यातल्या छिद्रातून निघाल्यावर पहिल्या काही सेंटिमीटरांतच सुटलं. तिथे दात बोर्डाच्या कडेला पहिल्यांदा भिडतात. मशीन आधी चालू न करता ब्लेड कडेला टेकवून स्विच दाबला, किंवा बेस बोर्डावर पूर्ण टेकलेला नसला, तर तो पहिला हिसका फार मोठा बसतो.

उघडून पाहिलं तेव्हा

प्लग सॉकेटमधून काढला. नुसता स्विच बंद केलेला चालत नाही, कारण जिगसॉचा स्विच लॉक होऊन राहिलेला असू शकतो आणि एक्स्टेन्शन बोर्डावर दुसरा कोणीही हात मारू शकतो. बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी काढायची. ब्लेड नुकतंच चाललेलं असेल तर ते चटका देण्याइतकं तापलेलं असतं, म्हणून चामड्याचा हातमोजा किंवा पक्कड.

टी १४४ डी नेहमीसारखं बसवलं. ‘टक्’ असा आवाज आला, लिव्हर सोडला आणि तो परत आला. वरवर सगळं ठीक. पण तीन गोष्टी जुळत नव्हत्या.

लिव्हर त्याच्या मूळ जागेपासून ४ मिमी अलीकडेच थांबत होता. ब्लेड नसताना तो पूर्ण परत जायचा. ब्लेडच्या अंगाला पक्कडीने धरून खाली ओढलं तर ते जवळपास १ मिमी हललं. नीट बसलेलं ब्लेड वर-खाली अजिबात हलत नाही. आणि ब्लेडची पाठ रोलरला टेकतच नव्हती. त्या फटीत चार व्हिजिटिंग कार्डं एकावर एक आरामात गेली, म्हणजे फट एक मिमीच्या वर. डोळा बेसच्या पातळीवर आणून पाहिलं तर ब्लेडचं टोक पुढे झुकलेलं दिसत होतं.

बॅटरीच्या प्रकाशात क्लॅम्पच्या खाचेत पाहिल्यावर कारण सापडलं. पार्टिकल बोर्डाची पूड आणि स्प्रेचं तेल मिळून काळपट लुकणासारखा थर झाला होता, आणि एका कानाच्या जागेवर तांदळाच्या दाण्याएवढा गोळा घट्ट बसला होता. दुसरा कान कडेवर पोचत होता, हा गोळ्यावर अडून राहत होता. ‘टक्’ आवाज पोचलेल्या कानाचा होता.

एका कानावर बसलेलं ब्लेड तिरकं बसतं. तिरकं बसलं की त्याची पाठ रोलरपासून सुटते. रोलर सुटला की कट भरकटतो. आणि पेंड्युलम ३ वर असेल तर रोलर ब्लेडला हळूच ढकलण्याऐवजी मोकळ्या फटीतून येऊन पाठीवर आपटतो, प्रत्येक स्ट्रोकला. एका कानावर लटकलेल्या ब्लेडला हे आपटणं सोसत नाही. दोन्ही तक्रारींचं मूळ असं एकाच खाचेत होतं.

वापरलेली ब्लेडंही तपासली. चार ब्लेडपैकी तिघांचे कान एका बाजूला गोल होऊन चकाकत होते. चालू मशिनमधून सुटताना कान कडेवरून घसरतो आणि त्याची धार मोडते. असं ब्लेड पुढच्या वेळी स्वच्छ क्लॅम्पमध्येही घसरतं. चौथ्याचं टोक सुमारे २० मिमी तुटलेलं होतं, ‘दात अजून चांगले आहेत’ म्हणून डब्यात ठेवलेलं. आखूड झालेलं ब्लेड वरच्या स्ट्रोकला बोर्डाच्या आत शिरतं आणि खाली येताना त्याचं टोक कापल्या न गेलेल्या लाकडावर ठोकर घेतं. त्या ठोकरीने ब्लेड वाकतं किंवा कान उचलले जातात. चारही ब्लेडं पक्कडीने मोडून फेकली. मोडून, कारण अख्खी फेकली तर कोणीतरी उचलून परत डब्यात टाकतो.

साफसफाई आणि बसवणं

लिव्हर पूर्ण उघडून धरला. दुसऱ्या माणसाने अगरबत्तीची बांबूची काडी निमुळती करून खाचेतला गोळा उकरून काढला. स्क्रूड्रायव्हर किंवा पोलादी तार वापरू नये, कडेला ओरखडे पडतात. मग जुन्या दात घासायच्या ब्रशाने घासलं. तेलकट थर निघेना तेव्हा कापसाच्या काडीला थोडंसं टर्पेंटाईन लावून पुसून घेतलं. थिनर वापरायचा नाही, प्लास्टिकचे भाग खराब होतात. टर्पेंटाईन ओतायचंही नाही, ते मोटारीकडे उतरतं. शेवटी चष्मा लावून ब्लोअरने हवा मारली आणि पंधरा-वीस मिनिटं मशीन तसंच वाळू दिलं.

क्लॅम्पमध्ये परत तेल किंवा ग्रीस घातलं नाही. तिथे कोरडेपणाच हवा. तेलाची जागा एकच: रोलरचा आस. तिथे एक थेंब, आणि वर आलेलं फडक्याने टिपून घ्यायचं. रोलर बोटाने फिरवून पाहिला. तो फिरत होता आणि खाच झिजलेली नव्हती. रोलर अडकलेला असेल तर ब्लेडची पाठ त्यावर घासून निळी पडते, त्याच्या खाचेत पाठ एका बाजूला चर पाडते, आणि मग रोलर बदलण्याला पर्याय नसतो.

त्यानंतर नवीन टी १०१ बी बसवलं. क्रम असा ठेवला. लिव्हर शेवटपर्यंत उघडायचा, अर्धवट नाही. दात कटच्या दिशेला, म्हणजे मशिनच्या पुढच्या बाजूला. ब्लेड दातांकडून न धरता पाठीकडून धरून सरळ वर ढकलायचं, ते टेकेपर्यंत. वर ढकलतानाच ब्लेडची पाठ रोलरच्या खाचेत येते की नाही ते बघायचं. मग लिव्हर हळू सोडायचा आणि तो स्वतःहून मूळ जागी जातो का ते पाहायचं. न गेल्यास बोटाने ढकलून बंद करायचा नाही. ब्लेड काढून पुन्हा बसवायचं. शेवटी पक्कडीने ब्लेडच्या अंगाला धरून सरळ खाली ओढायचं, मग वर ढकलायचं. दोन्हीकडे हालचाल शून्य हवी.

या वेळी लिव्हर पूर्ण परत गेला आणि रोलरच्या फटीत एक कार्डही शिरलं नाही. ओढून पाहण्याची ही सवय प्रत्येक ब्लेड बदलाला हवी. त्याला दहा सेकंद लागत नाहीत.

बेसचा बोल्ट सैल करून बेस परत ९० अंशावर आणला. बेसवरच्या अंशाच्या खुणेवर विसंबलं नाही, ती स्वस्त मशिनांत सहज अर्धा-एक अंश चुकते. मशीन उलटं धरून छोटा गुण्या बेसवर ठेवला, त्याची पाती ब्लेडच्या अंगाला लावली आणि मध्ये प्रकाश दिसेनासा झाल्यावर बोल्ट आवळला. गुण्या दातांना टेकवू नये. दात दोन्ही बाजूंना फाकवलेले असतील तर त्यांच्यामुळे गुण्या खोटा कोन दाखवतो.

एका वेळी एकच बदल

इथे घाई केली असती तर नेमकं काय बरं झालं ते कळलं नसतं. त्याच २५ मिमी बोर्डाच्या तुकड्यावर ३०० मिमीचे तीन कट घेतले.

पहिला कट मुद्दाम जुन्याच सेटिंगवर: डब्यातलं शिल्लक राहिलेलं नवं टी १४४ डी, पेंड्युलम ३. फक्त बेस परत सरळ, क्लॅम्प स्वच्छ आणि ब्लेड नीट बसलेलं. ब्लेड सुटलं नाही, तिरकेपणा ३ मिमीवरून १ मिमीवर आला. कपच्या मात्र तशाच, कुठे कुठे ८ मिमीपर्यंत.

दुसऱ्यात पेंड्युलम ० वर आणला. तिरकेपणा १ मिमीच्या आत गेला आणि कपच्या ३-४ मिमीवर आल्या. कटचा वेग चांगलाच कमी झाला.

तिसऱ्यात ब्लेड बदललं, टी १०१ बी, पेंड्युलम ०. गुण्याखाली अर्ध्या मिमीपेक्षा कमी फरक. कपच्या २ मिमीच्या आसपास.

ब्लेड सुटणं आणि मोठा तिरकेपणा हे नुसत्या नीट बसवण्याने गेले, हे पहिल्याच कटने दाखवलं. कपच्यांचा उपाय दात आणि पेंड्युलममध्ये होता.

कपच्या: वेगळं दुखणं

दात वर कापतात म्हणून बोर्डाची वरची बाजू फुटते आणि खालची स्वच्छ राहते. टेबलात दिसते ती वरची. दोन मार्ग होते. टॉप उलटा करून खालून कापायचा, किंवा उलट्या दातांचं ब्लेड लावून वरून कापायचं.

खालून कापण्यात एक सापळा आहे. बॉक्स टॉपच्या मध्यावर नव्हता, एका बाजूला सरकवलेला होता. टॉप उलटा केला की डावं-उजवं बदलतं, आणि टेम्प्लेट (कटआउट आखायचा साचा) उलटायला विसरलं तर भोक चुकीच्या बाजूला पडतं. ते परत बुजवता येत नाही. शिवाय आठ टॉप लोखंडी फ्रेमवर आधीच बसवलेले होते, ते उलटे करता येणारच नव्हते. म्हणून सगळीकडे वरून, टी १०१ बीआर ब्लेडने कापायचं ठरलं.

या कोडमधलं ‘टी’ म्हणजे टी-शँक, ‘१’ म्हणजे नेहमीची लांबी, ‘बी’ म्हणजे मध्यम दात आणि ‘आर’ म्हणजे उलटे दात. ‘ए’ असेल तर दात बारीक, ‘सी’ आणि ‘डी’ उत्तरोत्तर जाड. ‘ओ’ असेल तर गोलाईसाठी अरुंद ब्लेड, ‘एफ’ म्हणजे बायमेटल, दोन धातूंचं पातं. टी १०१ बी आणि टी १०१ बीआर दोन्ही ३ ते ३० मिमी जाडीसाठी आहेत, दातांमधलं अंतर २.५ मिमी. टी १४४ डीचं अंतर ४ मिमी आणि ते नैसर्गिक लाकूड झपाट्याने कापायला बनवलंय. सागाच्या फळीला ते उत्तम, प्री-लॅमच्या दर्शनी बाजूला नाही.

उलट्या दातांच्या ब्लेडने भाराची दिशा बदलते. कट खाली जाताना होतो, म्हणून ब्लेड क्लॅम्पमधून उपसलं जात नाही, उलट आत दाबलं जातं. पण मशीन वर उचललं जातं. एका हाताने बेस बोर्डावर दाबून न धरल्यास मशीन उड्या मारतं आणि ब्लेडचं टोक बोर्डाच्या वरच्या तोंडावर आपटतं. पेंड्युलम ०च ठेवायचा. वर येताना ब्लेड पुढे ढकलण्याची ही योजना खाली कापणाऱ्या ब्लेडला उपयोगाची नाही.

फ्रेमवरच्या आठ टॉपसाठी ब्लेड खाली किती येतं ते मोजणं गरजेचं होतं. प्लग काढून ठेवलेला असताना प्लंजर सर्वांत खाली असताना बेसपासून ब्लेडचं टोक ६० मिमी भरलं. १८ मिमी स्ट्रोक वजा केला की सर्वांत वर ४२ मिमी. बोर्ड २५ मिमी, म्हणजे वरच्या टोकालाही ब्लेड बोर्डाखाली १७ मिमी बाहेर राहतं, टोक लाकडात शिरायची भीती नाही. सर्वांत खाली मात्र ते बोर्डाखाली ३५ मिमी जातं. वायरींचा पत्र्याचा ट्रे बोर्डाखाली ३० मिमीवरच होता. आठही ट्रे आधी उतरवले. ट्रेच्या पत्र्यावर आपटलेलं ब्लेड त्याच क्षणी वाकतं, आणि खाली हात घालून वायर धरणारा मदतनीस असला तर तो नुसता ब्लेडचा प्रश्न राहत नाही.

चावीचं दुसरं मशीन

कामाला वेग यावा म्हणून आणलेलं दुसरं जिगसॉ ॲलन-कीने ब्लेड आवळायचं होतं. त्याच्या डब्यात यू-शँकची ब्लेडंही होती, म्हणजे कान नसलेली, वरच्या टोकाला अर्धगोल खाच असलेली. ती स्क्रूच्या दाबावर राहतात, आणि टी-शँकच्या लिव्हर क्लॅम्पमध्ये ती आत गेल्यासारखी वाटली तरी धरली जात नाहीत. दोन्ही डबे लगेच वेगळे केले.

अशा मशिनमध्ये स्क्रू दोन-तीन फेरे सैल करायचा, ब्लेड टेकेपर्यंत आत घालायचं, पाठ रोलरवर आली की स्क्रू आवळायचा. दोन स्क्रू असतील तर दोन्ही आलटून पालटून थोडे थोडे, नाहीतर ब्लेड एका अंगाला वळतं. हादऱ्याने स्क्रू ढिला पडतो, म्हणून पहिल्या दोन-तीन कटनंतर पुन्हा चावी लावून बघायची. चावीचं टोक गोल झालं असेल तर ते घासून सपाट करावं किंवा चावी नवी घ्यावी. झिजक्या चावीने स्क्रूचा षटकोन गेला की तो काढायला दुकान गाठावं लागतं. या मशिनच्या रोलरची जागा बेसमागच्या बोल्टने पुढे-मागे होत होती. ब्लेड बसवल्यावर रोलर पाठीला नुसता टेकेल इतका पुढे आणून बोल्ट आवळला. फार दाबला तर ब्लेड पुढे वाकतं आणि तापतं.

उरलेले १७ टॉप

६ मिमी एमडीएफचं एक टेम्प्लेट केलं आणि त्यावर ‘वर’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं. रेषेवर ५० मिमी रुंद मास्किंग टेप, आखणी टेपवर. चारही कोपऱ्यांत रेषेच्या आत १२ मिमीची छिद्रं, खालून लाकडाचा तुकडा धरून, म्हणजे ड्रिल बाहेर पडताना तळ फुटत नाही.

मशीन पूर्ण वेगात आल्यावरच ब्लेड कडेला भिडवायचं. वेगाचा खटका वरच्या टप्प्यात, हाताने पुढे ढकलणं सावकाश. रेषा सुटली तर मशीन बाजूला रेटून परत आणायचं नाही, थोडं मागे घेऊन पुन्हा रेषेवर यायचं. बाजूला रेटलं की वरचा कट सरळ होतो आणि ब्लेडचं खालचं टोक मागेच राहतं, म्हणजे घालवलेला तिरकेपणा हाताने परत आणला जातो. तीन बाजू झाल्यावर आतल्या तुकड्यावर आणि बोर्डावर आडवी पट्टी क्लॅम्पने धरली. पट्टीशिवाय शेवटच्या ३०-४० मिमीत तुकडा स्वतःच्या वजनाने लटकतो, ब्लेडला चिमटा बसतो आणि कोपरा ओरबाडला जातो.

एका भोकाची परिमिती ७७४ मिमी, म्हणजे १७ भोकांचा कट सुमारे १३ मीटर. पार्टिकल बोर्डातलं राळ साध्या कार्बन पोलादाच्या ब्लेडची धार लवकर खातं. पहिल्या ब्लेडने पाचव्या टॉपवर कड तपकिरी पडायला लागली आणि ढकलायला जोर लागू लागला. तेव्हापासून प्रत्येक पाच टॉपनंतर, म्हणजे साधारण ४ मीटर कटनंतर ब्लेड बदललं. एकूण चार ब्लेडं लागली. बोथट ब्लेड बदलण्यात कंजुषी करू नये. धार गेली की माणूस जोर लावतो, जोर लावला की ब्लेड रोलरवर दाबलं जाऊन तापतं आणि सगळा भार क्लॅम्पवर येतो.

प्रत्येक ब्लेड बदलाच्या वेळी क्लॅम्पमध्ये हवा मारली आणि ओढून पाहिलं. १७ टॉपमध्ये ब्लेड एकदाही सुटलं नाही. कपच्या वरच्या बाजूला जेमतेम १ मिमी, खालच्या बाजूला ३ ते ४ मिमी, जिथे त्या कोणाला दिसत नाहीत. कानस फक्त दोन ठिकाणी लागली.

आधी बिघडलेल्या तीन टॉपपैकी एकावर कपची कडेबाहेर जेमतेम मिमीभर होती. ती पांढऱ्या मेणाच्या फिलरने भरून निघाली. उरलेल्या दोन टॉपना मोठ्या मापाचा बॉक्स घेतला, त्याची कड कपच्यांपलीकडे जाते, आणि ती टेबलं मीटिंग रूममध्ये लावली. काम संपल्यावर मशिनचा क्लॅम्प पुन्हा तपासला. नव्या ब्लेडला वर-खाली हालचाल नव्हती, म्हणून तो बदलला नाही. स्वच्छ खाच आणि नवं ब्लेड असूनही हालचाल दिसली असती तर आतली कडच झिजली आहे असं समजून पूर्ण क्लॅम्प सेट सर्व्हिस सेंटरकडून बदलून घ्यावा लागला असता. ती कड घासून किंवा वेल्डिंगने भरून दुरुस्त करू नये.